सरकारी संशोधन अनुदानावर उभ्या राहणाऱ्या कंपन्या: करदात्याच्या पदरात काय पडते?

हिशेबनीस (धागाकर्ता)

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, आणि पुण्यातील संशोधनावर आधारलेल्या छोट्या कंपन्यांची उपयोगिता प्रमाणपत्रे तपासणे हा गेली काही वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्याने ते ठरलेल्या कामावर आणि ठरलेल्या शीर्षाखालीच (म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या ओळीखाली) खर्च केले, असे सांगणारा हा कागद सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील '१२-ए' या नमुन्यात द्यावा लागतो. अनुदान बँकेत पडून राहिले आणि त्यावर व्याज मिळाले, तर ते व्याजही भारताच्या एकत्रित निधीत परत भरावे लागते. ४१७ रुपयांचे व्याज परत करण्यासाठी मी एकदा तीन पत्रे लिहिलेली आहेत. रुपयाचा माग इतक्या काटेकोरपणे ठेवला जात असताना, त्या रुपयातून जे ज्ञान हाती आले ते पुढे कुठे गेले, हे विचारणारा नमुना मात्र मला आजवर कोणी भरायला सांगितलेला नाही. हा धागा त्यासाठी काढला आहे.

चर्चेत सगळ्या सरकारी मदती एकाच टोपलीत टाकल्या जातात, म्हणून आधी पायऱ्या मांडतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी-प्रयास' योजनेत एकट्या संशोधकाला वस्तूचा पहिला नमुना बनवण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मिळतात. जैवतंत्रज्ञानात याच्या पुढची पायरी बायरॅकची आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापन केलेल्या या ना-नफा सरकारी कंपनीचे 'बिग' अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत असते आणि त्याच्या बदल्यात सरकार समभाग मागत नाही. त्यानंतर पैशाची जात बदलते. बायरॅकच्या 'सीड' निधीतून ३० लाखांपर्यंत आणि 'लीप' निधीतून १ कोटीपर्यंत जी रक्कम इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा, सोयी आणि सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत) येते ती भागभांडवल म्हणून येते, तर १९९६ पासून काम करणारे तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली बाजारात आणलेली हिपॅटायटिस-बीची लस हे त्या मंडळाच्या आरंभीच्या अर्थसाहाय्याचे ठळक उदाहरण आहे.

या योजनांची जाहिरात 'उद्योजकतेला चालना' अशी होते. वह्या पाहणाऱ्या माणसाला ती फारशी पटत नाही, कारण ५० लाखांत कंपनी उभी राहत नाही. दोन शास्त्रज्ञांचे दीड वर्षाचे पगार, रसायने, दुसऱ्याच्या यंत्रावर तासाच्या भाड्याने घेतलेली मोजमापे, एक पेटंटचा अर्ज आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतील चाचण्या एवढ्यात ते संपतात. मागे उरतो तो पुरावा: हा पदार्थ शरीरात टिकतो किंवा टिकत नाही, ही चाचणी शंभरातले किती रुग्ण बरोबर ओळखते, हे यंत्र पावसाळ्यात चालते की बंद पडते. बँक तारण मागते, गुंतवणूकदार ग्राहक मागतो, आणि या दोघांपुढे ठेवण्याजोगे काही हाती येण्यापूर्वीचा काळ सरकारी पैशावरच काढावा लागतो. म्हणून माझ्या मते सरकार येथे कंपनी उभी करत नसून पुरावा विकत घेत असते, आणि विकत घेतलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडली पाहिजे.

पैसे आणि पुरावा या दोहोंचा माग लागतो असे एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी 'कार-टी' पेशी उपचार विकसित केला. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत असे जनुक घालायचे की कर्करोगग्रस्त बी-पेशींवरचे सीडी-१९ हे प्रथिन त्यांना ओळखता यावे, मग त्या पेशी वाढवून त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडायच्या, असा हा उपचार आहे. याचा अर्थ प्रत्येक रुग्णासाठी औषधाचा स्वतंत्र घाणा काढावा लागतो. पहिल्या रुग्णावर हा उपचार ४ जून २०२१ रोजी झाला. मानवी चाचण्यांच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यासाठी राष्ट्रीय बायोफार्मा अभियानातून बायरॅकने १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. आयआयटीच्या 'साइन' इन्क्युबेटरमध्ये वाढलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीच्या 'नेक्सकार-१९' उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे पवईत उद्घाटन झाले.

प्रयोगशाळा सरकारी, रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतले, चाचणीचे पैसे सरकारी, आणि विकणारी कंपनी खासगी. तरीही या प्रकरणात माझी तक्रार नाही, कारण पुरावा उघडा आहे. एकूण ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली 'लान्सेट हिमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. ज्यांचे मूल्यमापन करता आले अशा रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांना उपचाराचा प्रतिसाद मिळाला, हे जसे तेथे वाचता येते तसे दुष्परिणामही वाचता येतात.

माझ्या हातून गेलेल्या इतर फायलींचे तसे नाही. ओल्या जखमेवर एका विशिष्ट जातीच्या चिकट पदार्थाची पट्टी टिकत नाही, हे सिद्ध करण्यासाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांना काही वर्षांच्या अंतराने अनुदान मिळालेले मी पाहिले आहे (तपशील ओळखू येऊ नये इतके बदलून सांगतो आहे). दुसऱ्या कंपनीला पहिलीचे निष्कर्ष ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होण्याची काही सोयही नव्हती. दोघींचीही उपयोगिता प्रमाणपत्रे बिनचूक होती.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, पण ती तंत्रज्ञान-सिद्धतेच्या, म्हणजे नुसत्या कल्पनेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंतच्या, नऊ पातळ्यांच्या मोजपट्टीवर चौथ्या पातळीपासून पुढे गेलेल्या कामांसाठी आहे. पहिल्या तीन पातळ्यांचा भार पूर्वीसारखा लहान अनुदानांवरच राहणार. त्या पातळ्यांवर जे प्रकल्प बंद पडतात त्यांचे तांत्रिक निष्कर्ष, समजा तीन वर्षांनी, सर्वांना वाचायला खुले करावेत, असे मला वाटते. ज्यांनी असे अनुदान घेतले आहे, दिले आहे किंवा नाकारले गेलेले पाहिले आहे, त्यांनी लिहावे.

तिरकस

लेख आवडला, पण तुम्ही करदात्याला फार स्वस्तात पटवले आहे. पुरावा वाचून पोट भरत नाही. नेक्सकार-१९ ची किंमत ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांतून आले होते. ज्याच्या करातून ही प्रयोगशाळा, हे रुग्णालय आणि ही चाचणी उभी राहिली, त्याच्याच मुलाला ल्युकेमिया झाला तर त्याने घर विकायचे, आणि सोबत 'लान्सेट'मधील निबंध वाचून समाधान मानायचे काय? सार्वजनिक पैसा जितका अधिक, तितकी विक्रीची किंमत बांधलेली असावी, अशी अट अनुदानाच्या करारातच घातली पाहिजे.

दुसरा मुद्दा मालकीचा. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेचे संरक्षण आणि उपयोग यांसंबंधीचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते आणि २०१४ साली ते मागे घेण्यात आले. त्या विधेयकावर टीका भरपूर झाली आणि तीतली बरीचशी रास्तही होती. विद्यापीठांना पेटंट घेण्याची सक्ती करून संशोधन खुले होण्याऐवजी कुलुपबंद होईल, ही भीती खोटी नव्हती. पण ते गेल्यानंतर त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, म्हणून आज प्रत्येक संस्था आपापले धोरण करते आणि करदाता नावाचा पक्ष कोणत्याही टेबलाशी बसलेला नसतो. 'बिग'मध्ये सरकार समभाग घेत नाही, हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे असे वाटले. मला त्यात कौतुकाचे काही दिसत नाही.

रुग्णकक्ष

मी रक्तविकारांच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. वर उल्लेखलेल्या कोणत्याही संस्थेशी माझा संबंध नाही. तिरकस यांचा राग मला कळतो, पण किंमत कशाने बनते ते पाहिल्याशिवाय ती बांधता येणार नाही.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने विकसित केलेला आणि नोव्हार्टिसने बाजारात आणलेला 'किमराया' हा अशा प्रकारचा पहिला मान्यताप्राप्त उपचार आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली गेली, आणि तीत रुग्णालयाचा खर्च धरलेला नव्हता. तेथेही मूळ संशोधनात सार्वजनिक पैसा होता. त्या मानाने आपल्याकडील किंमत सुमारे एक दशांश आहे, आणि ती कोणाच्या दातृत्वामुळे कमी झालेली नाही. पेशींत जनुक पोचवणारा लेंटिव्हायरस बाहेरून आणावा लागला तर तोच सर्वांत महाग पडतो. तो येथेच बनवता आला आणि पेशी परदेशी पाठवून परत आणण्याची गरज उरली नाही, यातून बचत झाली. म्हणजे हिशेबनीस ज्याला पुरावा म्हणतात त्यात निर्मितीची रीत बसवणेही येते, आणि किंमत उतरते ती त्याच कामाने. कराराच्या कागदावर 'किंमत कमी ठेवावी' असे लिहून ते झाले नसते.

आता खरी अडचण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि आयुष्मान भारत योजनेची मर्यादाही तेवढीच आहे. औषध ४० लाखांवरून २० लाखांवर आणले तरी ५ लाखांच्या योजनेतला माणूस दाराबाहेरच राहतो. यावर उपाय किंमत बांधणे हा नसून सरकारने स्वतः ठरावीक संख्येने उपचार आगाऊ विकत घेणे हा आहे. प्रत्येक रुग्णाचा घाणा स्वतंत्र असला तरी निर्जंतुक खोल्या, प्रशिक्षित माणसे आणि तपासण्यांचा खर्च ठरलेला असतो. वर्षाला किती रुग्ण येणार याची खात्री मिळाली की तो खर्च अधिक रुग्णांत वाटला जातो आणि दर आपोआप खाली येतो. चाचणीला पैसे देणारे सरकार आणि रुग्णालयासाठी खरेदी करणारे सरकार यांची एकमेकांशी ओळखच नाही, असे मला पदोपदी जाणवते.

बॉस्टनवासी

मूळचा सांगलीचा, आता मॅसॅच्युसेट्समध्ये एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरीला आहे. येथील पद्धतीबद्दल भारतात दंतकथा फार आहेत, म्हणून थोडे लिहितो.

लहान कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसे देण्याची कल्पना राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने १९७० च्या दशकात रुजवली आणि १९८२ साली तिचा कायदा झाला. ज्या केंद्रीय खात्यांचा बाहेरच्या संस्थांकडून करवून घेतलेल्या संशोधनावरील खर्च वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना त्यातील ठरावीक वाटा, अलीकडच्या काळात ३.२ टक्के, लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा लागतो. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते पाहायला थोडे पैसे आणि दुसऱ्या टप्प्यात नमुना बनवायला बरेच अधिक मिळतात. तिसऱ्या टप्प्याकडे भारतातील चर्चेत कोणाचे लक्ष जात नाही. त्या टप्प्यात या योजनेचे पैसे मिळतच नाहीत, पण ज्या कंपनीने आधीचे टप्पे पार केले आहेत तिच्याकडून सरकारी खाते पुन्हा स्पर्धात्मक निविदा न काढता थेट खरेदी करू शकते. संरक्षण खात्याला ती तरतूद विशेष उपयोगी पडते. रुग्णकक्ष यांनी म्हटलेली ओळख येथे निदान कायद्याने करून दिलेली आहे.

तिरकस यांच्या किंमतीच्या अटीबद्दल सांगायचे, तर १९८० च्या बाय-डोल कायद्याने विद्यापीठांना सरकारी पैशातील शोधांची मालकी दिली आणि सोबत सरकारने एक अधिकार हातात ठेवला: शोध लोकांपर्यंत वाजवी रीतीने पोचत नसेल तर दुसऱ्या उत्पादकाला परवाना देण्याचा. औषधांच्या किंमती हे कारण पुढे करून तो वापरावा अशा मागण्या अनेकदा झाल्या, पण तो अधिकार एकदाही वापरला गेलेला नाही. कागदावरची अट आणि वापरण्याची हिंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेबनीस यांच्या सूचनेला मात्र येथून पाठिंबा मिळणार नाही. लहान कंपनीने या योजनेत निर्माण केलेली तांत्रिक माहिती सरकारला २० वर्षे उघड करता येत नाही, आणि त्यामागचा युक्तिवाद असा आहे की संरक्षण नसेल तर चांगल्या कंपन्या अर्जच करणार नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचा तेवढा अपवाद आहे. बहुतेक चाचण्या संपल्यावर वर्षभरात निष्कर्ष सार्वजनिक नोंदवहीत भरावे लागतात, मग ते चांगले असोत वा वाईट.

पाषाण_रस्ता

मी पॉलिमर रसायनशास्त्राचा संशोधक असून पुण्याच्या पाषाण रस्त्यावर माझी बरीच वर्षे गेली आहेत. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आश्रयाने २००७ साली व्हेंचर सेंटर हा इन्क्युबेटर सुरू झाला तेव्हा शास्त्रज्ञाने कंपनी काढणे म्हणजे नोकरीत राहून दुकान चालवणे, अशीच अनेकांची समजूत होती. एनसीएलचे माजी संचालक माशेलकर यांच्या काळापासून संशोधन बाजाराशी जोडण्याची भाषा रुळली होती खरी. पण स्वतःच्याच प्रयोगशाळेतून कंपनी निघणे ही पुढची गोष्ट होती. ती रुळायला आणखी वेळ लागला.

आता काही उदाहरणे सांगतो. एनसीएलमधील पोकळ तंतूंच्या पटलांवरील (वायू गाळणाऱ्या पातळ पडद्यांवरील) संशोधनातून निघालेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या कंपनीने कोविडच्या काळात हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण वाढवून देणारे यंत्र तयार केले. तेलरहित कॉम्प्रेसरने दाबलेली हवा त्या तंतूंतून जाते, ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर पलीकडे झिरपतो आणि सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा मिळते. कोविडशी लढण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने काढलेल्या 'कवच' योजनेतून त्यांना मदत मिळाली, आणि ती योजना 'साइन'मार्फत राबवली जात होती. रेशमातील प्रथिनापासून हाडातील पोकळी भरण्याचे साहित्य बनवणारी सेरिजेन ही आणखी एक कंपनी एनसीएलमधूनच निघाली. या दोन्हींच्या मागे अनेक वर्षांचे असे संशोधन आहे की ज्याला त्या वेळी कोणीही 'स्टार्टअप' म्हटले नसते. महामारीत यंत्र महिन्यांत उभे राहते, कारण पटले आधीच बनत असतात. अनुदानाची फाईल पाहणाऱ्याला शेवटचे वर्ष तेवढे दिसते.

अपयशाचे निष्कर्ष उघड करावेत या सूचनेविषयी माझे मत अर्धे अनुकूल आहे. प्रयोगशाळेत न जमलेली गोष्ट दोन कारणांनी जमत नाही: एक तर निसर्गनियम आडवा येतो, नाहीतर आपला हात बसलेला नसतो. अहवालात दोन्ही 'अपयश' याच शब्दाने येतात. तुमच्या त्या पट्टीचेच घ्या. पहिल्या कंपनीचा निष्कर्ष वाचून दुसरीने काम सोडून दिले असते आणि दोष पदार्थाचा नसून तो वाळवण्याच्या तापमानाचा असता, तर नुकसानच झाले असते. म्हणून निष्कर्ष उघडायचे तर ते कृतीसकट, कच्च्या नोंदींसकट उघडावे लागतील, आणि तसे अहवाल लिहायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवणार, हे लेखापालानेच सांगावे.

द्राक्षबाग

मी निफाड तालुक्यातला. अभियांत्रिकी शिकलो आणि घरची दहा एकर द्राक्षे पाहत पाहत पानांवरचा ओलावा मोजणारे एक यंत्र बनवले. डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) कधी येणार हे पानावर पाणी किती तास राहिले आणि तेव्हा तापमान किती होते यावर ठरते. तो आकडा वेळेवर मिळाला तर दोन-चार फवारण्या वाचतात. बाहेरून आणलेली यंत्रे महाग होती आणि त्यांचा पट्टीसारखा सपाट संवेदक आमच्या मांडवातल्या लोंबत्या पानासारखा ओला होत नसे, म्हणून मी वेगळ्या आकाराचा संवेदक केला. त्यासाठी एका इन्क्युबेटरमार्फत मला नमुना बनवण्याचे अनुदान मिळाले. ते मिळाले नसते तर वडिलांनी मला एक वर्षही बसू दिले नसते, हे आधी कबूल करतो.

तक्रार रकमेची नाही, तारखेची आहे. पहिल्या हप्त्यात यंत्रे बनली आणि दुसऱ्या हप्त्यात ती वीस बागांत लावायची होती. आमची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि डाऊनीचा खरा धोका त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत असतो. माझा दुसरा हप्ता समितीची बैठक लांबल्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. सरकारचे वर्ष एप्रिलला सुरू होते, द्राक्षाचे छाटणीला सुरू होते, आणि मधल्या तीन महिन्यांनी माझे पूर्ण वर्ष खाल्ले. मुदतवाढ मिळाली, पण जादा पैसे न देता मिळाली. दोन मुलांचे पगार मात्र कुणी थांबवून ठेवू शकत नाही. पुढच्या हंगामापर्यंत त्यातला एक पुण्याला निघून गेला.

यंत्र शेवटी चालले का? अर्धेमुर्धे. वीसऐवजी सात बागांत दोन हंगाम नोंदी झाल्या. पहाटेच्या दवाने होणारा ओलावा ते नीट पकडते, पण फवारणीचे औषध संवेदकावर सुकून बसले की आकडा चुकतो, आणि दर आठवड्याला तो पुसायला शेतकऱ्याकडे वेळ नसतो. यावर उपाय सापडण्याआधी पैसे संपले. अंतिम अहवालात मी हे सगळे लिहिले. इन्क्युबेटरकडून पोच आली, त्यापुढे काही नाही.

एक सरकारी खरेदीचा अनुभवही जोडतो. एका निविदेसाठी चौकशी केली तेव्हा तीन वर्षांची उलाढाल मागितली गेली. स्टार्टअपना त्यात सवलत आहे हे मी नियमासकट दाखवले. समोरच्या साहेबांनी शांतपणे सांगितले की सवलत 'देता येईल' असे लिहिले आहे, 'द्यावी' असे नाही.

हिशेबनीस

सर्वांचे आभार. क्रमाने न जाता जे मला नीट कळते तेवढ्यावरच लिहितो.

द्राक्षबाग यांच्या तारखेच्या तक्रारीला आणखी एक शेपूट आहे. २०१५ च्या वित्त कायद्यापासून कंपनीला मिळालेले सरकारी अनुदान सर्वसाधारणपणे उत्पन्न धरले जाते. यंत्रसामग्रीच्या किंमतीतून वजा होणारा भाग तेवढा वेगळा काढतात. शिवाय प्राप्तिकराचे हिशेबमानक सांगते की अनुदानाची नोंद ते प्रत्यक्ष हाती पडल्याच्या तारखेपलीकडे ढकलता येणार नाही. खाती आपले अंदाजपत्रक संपवण्यासाठी मार्चअखेर पैसे सोडतात. २८ मार्चला हप्ता आला की उत्पन्न या वर्षाचे होते आणि खर्च पुढच्या वर्षाचा. कंपनीला आधीचा तोटा असेल तर निभावते. नसेल तर संशोधनासाठी दिलेल्या पैशातून कर भरण्याची पाळी येते. अशा वेळी माझा फोन रात्री अकरालाही वाजतो. यासाठी कोणता मोठा निधी नको. हप्त्याच्या तारखा कामाच्या ऋतूशी बांधल्या तरी बरेच भागेल.

बॉस्टनवासी यांनी दिलेल्या २० वर्षांच्या नियमाचे कारण मला मान्य आहे, पण तो चालू असलेल्या कंपन्यांसाठी योग्य आहे. मी बंद पडलेल्या प्रकल्पांबद्दल बोलत होतो. जी कंपनीच उरली नाही तिचे गुपित कोणाच्या कामाचे? आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे, म्हणजे चाचणी सुरू झाली हे तरी सगळ्यांना कळते. उपकरणे, पदार्थ, शेतीची यंत्रे यांच्या लहान अनुदानांना तेवढीही खिडकी नाही.

तिरकस, समभाग न घेण्याचे मी कौतुक केले नव्हते, पण आता विचारलेच आहे तर करतो. पहिल्या ५० लाखांच्या बदल्यात सरकारने हिस्सा घेतला तर प्रत्येक कंपनीच्या पुढच्या प्रत्येक ठरावाला सरकारी सही लागेल, आणि सरकारी सही कशी मिळते हे मला ४१७ रुपयांवरून ठाऊक आहे. किंमतीबाबत रुग्णकक्ष यांचे म्हणणे मला माझ्या मूळ लेखापेक्षा अधिक पटले, हेही नोंदवतो. पुरावा विकत घेणाऱ्याने माल विकत घेण्याचीही तयारी ठेवावी, ही बाजू माझ्याकडून सुटली होती.

पाषाण_रस्ता यांनी शीर्ष विचारले आहे. मंजूर अंदाजपत्रकात 'आकस्मिक खर्च' नावाची ओळ जवळजवळ नेहमी असते आणि वर्षअखेरीस तीत काहीतरी शिल्लक राहते. कृतीसकट अहवाल लिहिण्याचा खर्च त्यात बसतो की नाही हे मंजुरीपत्राच्या भाषेवर अवलंबून आहे. पुढच्या प्रस्तावात तो वेगळ्या ओळीने मागून पाहा. नाकारला तर नकाराचे कारण लेखी येईल, आणि ते येथे चिकटवता येईल.

पाषाण_रस्ता

मागून पाहतो. द्राक्षबाग यांना एक विचारायचे होते: संवेदकावर औषध सुकून बसते म्हणता, ते बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे) की दुसरे कोणते? पृष्ठभाग कशाचा आहे? पाणी आणि तेल दोन्ही न धरणारे लेप आमच्याकडे दुसऱ्याच कामासाठी करून पडलेले आहेत. त्या कामाला ते उपयोगी पडले नाहीत, कारण उन्हात सहा महिन्यांत उखडत. तुमचा हंगाम सहा महिन्यांहून लहान आहे.

द्राक्षबाग

पृष्ठभाग नेहमीच्या छापील सर्किट बोर्डाचा, वर साधे रोगण. बोर्डोने सर्वाधिक त्रास होतो, चुन्याचा थर बसतो. सात बागांच्या दोन हंगामांच्या नोंदी माझ्याकडे तासागणिक आहेत, त्यांत फवारणीची तारीख आणि औषध हे दोन्ही लिहिलेले आहे. रविवारपर्यंत तक्ता नीट करून याच धाग्यावर देतो. शेतकऱ्यांची नावे आणि गट क्रमांक काढून टाकावे लागतील, तेवढा वेळ द्या.